बेडकाचे बारसे

बाराव्या दिवशी पाळण्यात घालून कानात नाव सांगितल्याखेरीज मूल माणसांत आले, असे आपल्याकडे कोणी मानीत नाही. पण असेही एक बारसे आहे, की ज्यात नाव ठेवण्यासाठी आधी जीव घ्यावा लागतो. ते बेडकाचे. घरोघरी फराळाच्या बरण्या भरलेल्या असताना या मेल्या बेडकाची बरणी मध्येच कशाला, असे वाचक म्हणतील. पण त्या बरणीत एक प्रश्न आहे, आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही.

एखादा बेडूक नवीन जातीचा आहे असे अभ्यासकाला वाटले, म्हणजे पुढचा विधी ठरलेला असतो. त्याला औषधाने निपचित करून मारतात, फॉर्मेलिनमध्ये टिकवतात आणि मद्यार्कात ठेवतात. पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधतात. नोंदवहीत गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव लिहितात. लांबी मोजून, बोटांमधले पडदे तपासून जुन्या नमुन्यांशी ताडून पाहतात आणि मग वर्णन छापून नाव जाहीर करतात. तो एक बेडूक साऱ्या जातीचा जामीन होतो. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तरी त्याने त्याच बरणीपुढे यायचे.

बीड जिल्ह्यातला आमचा नारायणगड म्हणजे धाकटी पंढरी. इथे नामाचा महिमा ऐकतच माणूस लहानाचा मोठा होतो. त्यामुळे मी स्वतःला विचारतो : बेडकाला नाव हवे कशाला? मृगाचा पाऊस पडला की आमच्या कोरड्या माळावर तो ओरडू लागतो, आणि त्याची मादी त्याला आवाजावरून बरोबर ओळखते. नाव हवे असते ते आपल्याला. मग आपल्या गरजेपायी त्याचा जीव घ्यावा, हा कुठला न्याय?

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९६३ साली सोमन यांनी कोयनेच्या जलाशयाकाठच्या एका भेकाचे वर्णन करून त्याला कोयनेचे नाव दिले. आंबोलीच्या भेकाला मात्र स्वतःचे नाव मिळायला २००९ साल उजाडले. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाघावरून ठेवले. नाव मिळाले, तेव्हाच अतिसंकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद होऊ शकली. ज्याला नाव नाही, त्याच्या बाजूने उभे तरी कसे राहायचे? तो नाहीसा झाला, तर काय नाहीसे झाले हेसुद्धा सांगता येत नाही.

म्हणून एका जिवाच्या मोबदल्यात साऱ्या जातीला ओळख मिळत असेल, तर तो व्यवहार मला सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही. पण तो व्यवहार उधारीचा आहे. सी. आर. नारायण राव यांनी १९३७ साली दक्षिणेतल्या कितीतरी बेडकांची वर्णने केली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात ठेवलेले त्यांचे नमुने पुढे हरवले. नावे पुस्तकात राहिली, आणि कोणते नाव कोणत्या बेडकाचे, हे ठरवताना अभ्यासक दशकानुदशके चाचपडत राहिले. २०१० साली बेडकांच्या एका कुळीला रावांचे नाव देऊन त्यांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. पण त्या बेडकांचे काय? त्यांचा जीव गेला तो गेलाच, वर त्यांची साक्षही बुडाली. मला मारण्यापेक्षा हे हरवणे अधिक लागते.

तेव्हा पाप-पुण्याचा निकाल जीव घेण्याच्या क्षणी लागत नाही. तो पुढची शंभर वर्षे लागत राहतो. आता बेडकाचा आवाज मुद्रित करता येतो, कातडीच्या कणावरून त्याचे कुळ तपासता येते. तेव्हा एका बेडकावर भागत असेल, तर दुसरा घेऊ नये. बरणीतला मद्यार्क आटू देऊ नये, चिठ्ठीवरची शाई पुसू देऊ नये, आणि ज्या डबक्यातून तो आणला ते डबके बुजू देऊ नये. नाम घेतले की माणूस त्या नामाचा बांधील होतो, असे वारकरी मानतो. नाव ठेवणाऱ्यालाही ते बंधन चुकत नाही.