निवड आणि वचन

झोतभट्टीत वितळलेले लोखंड तळाशी साचते आणि हलकी मळी त्याच्यावर तरंगते. भिलाईत हे १९५९ पासून घडत आले आहे. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी जवळपास सगळी वितळलेली असताना तिच्या पोटातही असेच काहीसे झाले. जड लोखंड केंद्राकडे बुडाले, खडकाचे द्रव्य वर राहिले आणि त्याचेच पुढे प्रावरण व कवच बनले. या घडामोडीचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहणे, खडकाची पूड प्रचंड दाबाखाली वितळवणे, ती निवताना कोणते स्फटिक आधी जमतात ते तपासणे, हे प्रायोगिक ग्रहविज्ञानाचे एक मुख्य काम.

भिलाईची आयआयटी २०१६ साली सुरू झाली. पहिली काही वर्षे तिचे वर्ग रायपूरला भरत, नंतर ती दुर्ग जिल्ह्यातल्या कुटेलाभाठ्याच्या आवारात आली. अशा तरुण संस्थेला या विषयाचा प्राध्यापक नेमायचा आहे, असे समजू. समितीपुढे दोन अर्ज उरले आहेत. एकाच्या नावावर साठ शोधनिबंध आहेत, पण उपकरणे नेहमी दुसऱ्यांनी उभारलेली. दुसऱ्याचे निबंध पंधराच, पण उच्च तापमानाची भट्टी त्याने स्वतः बांधली, ती बिघडली तेव्हा स्वतः दुरुस्त केली आणि दोन विद्यार्थ्यांना ती चालवायला शिकवली. कोणाला घ्यावे?

हा प्रश्न दिसायला प्रशासकीय आहे, पण आत नीतीचा आहे. मोजता येते तेच मोलाचे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली विद्यापीठांतल्या नेमणुका आणि बढत्यांसाठी गुणांकांची पद्धत आणली. तेव्हापासून ‘किती’ हा शब्द निवडीच्या खोलीत मोठ्याने बोलू लागला. प्रायोगिक विज्ञानातले बरेचसे काम मात्र या मोजणीत सापडत नाही. तामिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा खडक चंद्राच्या उंच भागातल्या खडकाशी जुळतो, हे ओळखून तो दळून चंद्रासारखी माती तयार करण्यात आली आणि चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी ती वापरली गेली. खडक शोधणाऱ्या, दळणाऱ्या, चाळणाऱ्या हातांचे किती गुण धरायचे?

आपल्याकडे याच्या अगदी उलट पद्धतीने झालेली एक नेमणूक प्रसिद्ध आहे. १९६१ साली परदेशात असलेल्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी, भारतात परतून रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याची इच्छा पत्राने कळवली. होमी भाभांनी पुढच्याच वर्षी होकार दिला. आधी संस्था बांधून मग माणूस शोधायचा नाही, माणूस ओळखायचा आणि त्याच्याभोवती संस्था वाढू द्यायची, हा भाभांचा बाणा होता. स्वरूप १९६३ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आधी कल्याणजवळ छोट्या तबकड्यांची रांग उभी राहिली. उटीच्या डोंगरउतारावरची ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी व्हायला मात्र १९७० उजाडले. त्या अनुभवातूनच पुढे जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळ तीस तबकड्यांची महादुर्बीण झाली. मधल्या सात वर्षांत कोणी दरसाल गुणपत्रिका मागितली असती, तर उटीचा डोंगर आजही मोकळाच असता.

पण ही गोष्ट ऐकून लगेच भारावून जाणेही बरे नाही. भाभांची नजर पारखी होती. प्रत्येक संचालकाची तशी नसते. एका माणसाच्या नजरेवर नेमणुका सोडल्या की पारखीच्या जागी ओळख येते आणि ओळखीमागून वशिला येतो. स्टॅनफर्डहून पत्र लिहिणाऱ्याचे पत्र वाचले जाते. बस्तरच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीचे पत्र कोण उघडणार? जाहिरात, समिती, आरक्षण, किमान पात्रता ही सगळी व्यवस्था तिच्यासाठी आहे. आकडा कोरडा असतो खरा, पण तो आडनाव विचारत नाही. आकड्यांचा तिटकारा बहुधा ज्यांना त्यांची गरज पडत नाही त्यांनाच असतो.

तेव्हा पर्याय आकडा की नजर असा नाही. नजरेने आपली कारणे सांगितली पाहिजेत. नियमांनी दार सर्वांना सारखे उघडावे. आत आल्यावर समितीने निबंध मोजण्याऐवजी त्यांतले दोन-तीन नीट वाचावेत, उमेदवाराने काय बांधले ते विचारावे, आणि अमक्याला का घेतले, तमक्याला का नाही, हे नाकारलेल्या माणसालाही दाखवता येईल अशा शब्दांत लिहून ठेवावे. कारण लिहावे लागले की वशिल्याची लेखणी अडखळते आणि पारखी माणसाला धीर येतो.

एवढे करूनही अर्धेच काम होते. निवड म्हणजे बक्षीस नव्हे, ते दोन्हीकडचे वचन आहे. प्रयोग करणाऱ्याला नेमायचे, पण भट्टीची मंजुरी दोन वर्षे फायलीत ठेवायची, तंत्रज्ञाचे पद भरायचेच नाही आणि तिसऱ्या वर्षी निबंध कुठे म्हणून विचारायचे, यात कायद्याचा भंग नसेल, पण शब्दाचा आहे. प्राध्यापकाचेही देणे लागते. मोठ्या शहरातून बोलावणे आले की उपकरणाला कुलूप लावून निघून जायचे, तर त्याने आपल्यामागे काय उभे केले? निदान ती भट्टी पेटवू शकणारे चार विद्यार्थी तरी मागे राहिले पाहिजेत.

दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया ही एकाच रेल्वेमार्गावरची गावे. तिथून येणाऱ्या विद्यार्थ्याला समितीचे इतिवृत्त कधी वाचायला मिळणार नाही. प्रयोगशाळेचे दार उघडे आहे का, आत भट्टी तापलेली आहे का, आणि ‘ये, हात लाव’ म्हणणारे कोणी आहे का, एवढेच त्याला दिसेल. निवड योग्य झाली की नाही, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्याचा आहे.