दुसरे घर

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. फराळाचे ताट पुढे असताना कोणी निर्वासितांच्या छावणीची गोष्ट काढावी, हे मलाही फारसे रुचत नाही. पण खरे सांगायचे तर हा विषय मला मिळाला तोच मुळी दिवाळीत, एका घरी फराळाला गेलो असताना. तेव्हा त्याची फेड दिवाळीच्याच पानांवर केलेली बरी.

उल्हासनगरच्या एका कापडदुकानदाराशी माझा जुना घरोबा आहे. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. १९४७ साली ते नऊ वर्षांचे होते. सिंधमधल्या शिकारपूरहून आईबापांबरोबर कराचीला, तिथून बोटीने मुंबईला, आणि शेवटी कल्याणजवळच्या लष्करी बराकीत ते येऊन पडले. महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या त्या बराकींतून तेव्हा सुमारे लाखभर सिंधी माणसांनी संसार थाटले. १९४९ साली त्याच वस्तीचे उल्हासनगर झाले.

२०२३ च्या भाऊबीजेला मी दादांकडे गेलो, तेव्हा दिवाणखान्यातला टेलिव्हिजन चालू होता. गाझाची बातमी होती. उत्तरेकडची माणसे दक्षिणेकडे पायी निघाली होती. कोणाच्या डोक्यावर अंथरूण, कोणाच्या कडेवर मूल, कोणी हातात पांढरे फडके धरलेले. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, आम्हीही असेच निघालो होतो. पण आम्ही रडत बसलो नाही. पापड विकले, कापड विकले, उभे राहिलो. ही माणसे पंचाहत्तर वर्षे छावणीत कशी राहिली? यांना कोणी दुसरे घर दिले नाही, की यांनी ते घेतले नाही?”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण मला चटकन उत्तर देता आले नाही. प्रश्न कुत्सित नव्हता. ज्याने स्वतः घर गमावले आणि दुसरे उभे केले, त्याने तो विचारला होता. म्हणून घरी आल्यावर तो डोक्यातून जाईना.

आधी घडले काय ते थोडक्यात सांगतो. १९४७ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनची फाळणी करण्याचा ठराव केला. भारताने त्याविरुद्ध मत दिले होते. अरबांनी तो फेटाळला, युद्ध पेटले, आणि ते संपेपर्यंत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घराबाहेर पडले होते. काही भीतीने पळाले, काहींना बंदुकीच्या धाकाने हाकलले. ११ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाचा ठराव केला. ज्यांना घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहायचे आहे त्यांना शक्य तितक्या लवकर परतू द्यावे, ज्यांना परतायचे नाही त्यांना मालमत्तेची भरपाई द्यावी, असे त्यात होते. पुढच्या वर्षी लोझानच्या बोलण्यांत इस्रायलने एक लाख माणसे घेण्याची तयारी दाखवली, तीही सगळ्या तहाचा एक भाग म्हणून. अरब राष्ट्रांना ती मान्य झाली नाही. १९५० साली या निर्वासितांसाठी काढलेली संयुक्त राष्ट्रांची मदतसंस्था कामाला लागली. ती तात्पुरती होती. आज तिच्या दप्तरी सुमारे ५९ लाख नावे आहेत, आणि छावण्या आहेत ५८.

दुसरे घर देऊ करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९५३ साली गाझातल्या निर्वासितांना सिनाईच्या वाळवंटात नेऊन वसवण्याची एक योजना निघाली. नाईलचे पाणी तिकडे न्यायचे, जमीन भिजवायची, माणसांना शेतीला लावायचे, असा बेत होता. इजिप्तचे सरकार त्याला राजी होते. पण १९५५ च्या मार्चमध्ये गाझातली माणसे रस्त्यावर उतरली आणि ती योजना बारगळली. शिध्याच्या पिशवीवर जगणारी माणसे जमीन नाकारत होती. दादांचा प्रश्न इथे अगदी नेमका लागू पडतो.

त्या प्रश्नाच्या बाजूने जे म्हणतात त्यांचे म्हणणे मी हलके लेखत नाही. ते म्हणतात, त्याच काळात अरब देशांतून सुमारे आठ लाख यहुदी उठले. बगदाद, साना, कैरो इथली त्यांची घरेदारे गेली. त्यांतले सहा लाखांच्या आसपास इस्रायलमध्ये आले, तिथे आधी तंबूंत आणि पत्र्याच्या खोपट्यांत राहिले आणि मग स्थिर झाले. तेव्हा इकडचे तिकडे गेले, तिकडचे इकडे आले; हिशेब मिटला.

हिशेब असा मिटतो का? बगदादच्या यहुद्याचे घर याफाच्या अरबाने घेतले नव्हते. एकाने गमावले ते दुसऱ्याच्या खात्यातून वळते करायचे, तर ती दोन्ही खाती एकाच माणसाची असावी लागतात. जमातींच्या वह्या जुळल्या म्हणून माणसाचे नुकसान भरून निघत नाही. बगदादच्या माणसाचेही येणे बाकी आहे, आणि याफाच्या माणसाचेही.

पण दुसरी बाजूही मला तितकीच नीट पाहिली पाहिजे, कारण ती आपल्या मराठी माणसांपर्यंत येऊन पोचते. कोकणातले बेने इस्रायल आपल्याला परके नाहीत. शनवारतेली म्हणून ते अलिबाग-पेणकडच्या गावांतून राहिले, मराठी बोलले. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, आणि दिमोना, अश्दोद, रामले, लोद अशा गावांतून वसले. तिथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. तिकडे गेल्यावर, तुम्ही पुरते यहुदी आहात की नाही, अशी शंकाही त्यांना ऐकावी लागली. १९६४ साली मोठ्या झगड्यानंतर ती मिटली. आता लोद आणि रामले ही तीच गावे, जिथून १९४८ च्या जुलैत पन्नास हजारांहून अधिक अरबांना उन्हातून पायी हाकलून दिले. हे वाचले तेव्हा मी चपापलो. त्या रिकाम्या झालेल्या गावांत पुढे कधी कोणाच्या घरी मराठीत अंगाईगीत म्हटले गेले असेल. त्या आईचा त्यात काय अपराध? आणि तिच्या नातवंडांना आज कोणी ‘उठा’ म्हणाले, तर तो न्याय होईल का? शिवाय ५९ लाख माणसे परतली तर आपले राष्ट्र आपले राहणार नाही, ही इस्रायली माणसाची भीती खोटी नाही. युरोपात त्याच्या साठ लाख बांधवांची कत्तल झाली, त्या भयातून ती आली आहे.

मग अरब राष्ट्रांकडे पाहिले. त्यांनी परतण्याच्या हक्काचा घोष केला, पण सगळ्यांनी माणसाला माणूस म्हणून वागवले असे नाही. लेबाननने या लोकांना नागरिकत्व दिले नाही, कितीतरी व्यवसायांची दारे बंद ठेवली, आणि २००१ साली त्यांना घर विकत घेण्यालाही कायद्याने बंदी केली. कारण काय, तर तिथे रुजले तर परतण्याचा हक्क बुडेल! कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनींनी शाळा चालवल्या, दवाखाने चालवले, आणि १९९१ च्या युद्धानंतर त्यांतल्या बहुतेकांना तो देश सोडावा लागला. नेत्यांनी इराकची बाजू घेतली, शिक्षा शाळामास्तरांना झाली. दुसरे घर मिळाले तरी त्याच्या दाराची कडी आतून लागतेच असे नाही.

तेव्हा एकाने म्हणायचे, “हे घर घे आणि पहिल्याचे नाव सोड.” दुसऱ्याने म्हणायचे, “पहिल्याचे नाव टिकायला हवे, म्हणून तू छपराविना राहा.” मला वाटते, चूक इथेच आहे. छप्पर आणि हक्क यांची गाठ दोघांनीही मारली, आणि ती मारताना त्या माणसाला कोणी विचारले नाही. ही गाठ अटळ नाही, हे जॉर्डनकडे पाहून कळते. तिथे आलेल्या बहुतेकांना नागरिकत्व मिळाले. ते व्यापार करतात, मते देतात. तरी त्यांतल्या वीस लाखांहून अधिकांची नावे निर्वासितांच्या यादीत आहेतच. पोटभर जेवणारा माणूसही आपले घर आठवू शकतो. १९४८ च्या ठरावानेही पहिला शब्द त्या माणसाकडेच ठेवला होता. ‘ज्यांना परतायचे आहे’ असे तो म्हणतो; सर्वांनी परतलेच पाहिजे असे म्हणत नाही, आणि कोणी परतता कामा नये असेही म्हणत नाही.

हे सगळे घेऊन मी पुन्हा दादांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग आत जाऊन बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात एक पिवळा पडलेला कागद होता, त्यांच्या वडिलांच्या क्लेमचा. पाकिस्तानात राहिलेल्या घरादारांचे दावे नोंदवण्याचा कायदा आपल्याकडे १९५० साली झाला, आणि भरपाईचा १९५४ साली. त्या कागदावर शिकारपूरचे घर लिहिलेले होते. खोल्या किती, अंगण केवढे, विहीर, खाली दुकान. खाली तपासणाऱ्याची सही आणि शिक्का.

“पैसे फार थोडे मिळाले, मास्तर,” दादा म्हणाले. “घराची किंमत कुठली यायला! पण वडिलांनी हा कागद मरेपर्यंत जपला. म्हणायचे, सरकारने लिहून दिले आहे, आपले घर होते म्हणून.”

मी थोडा वेळ काहीच बोललो नाही. ज्या उत्तरासाठी मी इतकी पुस्तके उलटली, ते या डब्यात होते. दादांना दुसरे घर मिळाले ते पहिले खोटे ठरवून नव्हे. ‘तुझे घर होते, ते गेले, त्यात तुझा दोष नाही,’ असे कोणीतरी शिक्का मारून कबूल केले होते. ज्यांनी घर घेतले त्यांनी ती कबुली दिली नाही हे खरे. ज्यांनी आसरा दिला त्यांनी दिली. तेवढ्यानेही एक माणूस ताठ मानेने मेला. पॅलेस्टिनी माणसाने घराची किल्ली तीन पिढ्या जपली आहे. पण तिच्याकडे पाहून ‘हो, ही खरी’ असे, ज्याच्या ताब्यात दार आहे त्याने अजून म्हटलेले नाही. १९५० साली तर त्याच्या मालमत्तेला ‘गैरहजरांची मालमत्ता’ असे कायद्याने नाव मिळाले. ज्याला परतू दिले नाही, त्यालाच गैरहजर ठरवले!

“आणि आता?” दादांनी विचारले. तेव्हा २०२५ साल उजाडले होते. फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी गाझातल्या लोकांना इजिप्त, जॉर्डन अशा देशांत वसवावे असे बोलून दाखवले होते. त्या दोन्ही देशांनी नकार दिला होता. गाझातली दहांतली सात माणसे मुळात १९४८ च्या निर्वासितांची लेकरे. पुढे सप्टेंबरात अमेरिकेनेच मांडलेल्या तहाच्या मसुद्यात, कोणालाही गाझा सोडायला भाग पाडणार नाही आणि जो जाईल त्याला परत येता येईल, असे लिहिले गेले. कागदावर का होईना, हे शब्द आले ते बरे झाले. कारण ‘राजीखुशीने जा’ या शब्दांची मला भीती वाटते. गावातली विहीर बुजवायची, आणि मग तहानलेल्याला हळूच विचारायचे, “बाबा, पलीकडच्या गावी जातोस का?” तो ‘हो’ म्हणाला तर त्याला खुशी म्हणायचे काय? विहीर आधी उपसून द्यावी. मग विचारावे. मग तो गेला, तर ते त्याचे जाणे.

लोदच्या घराचे काय करावे, हे मला अजून ठरवता येत नाही. तिथल्या आईला उठवा असे मी म्हणणार नाही, आणि जो तिथून निघाला त्याला विसर असेही म्हणणार नाही. एवढे मात्र कळले, की आधी कबुली, मग निवड, मग घर, असा क्रम आहे. आणि आजवर सगळ्यांनी तो उलटा धरला.

निघताना दादा दारापर्यंत आले. डबा त्यांच्या हातातच होता. “मास्तर,” ते म्हणाले, “मी तुम्हाला चुकीचे विचारले. यांनी दुसरे घर का घेतले नाही हे विचारायला नको होते. यांना कोणी कागद दिला का, ते विचारायला हवे होते.”

उंबरठ्यावरची पणती वाऱ्याने विझली होती. त्यांच्या सुनेने ती पुन्हा लावली, आणि मी जिना उतरलो.