खेळातल्या शिव्या आणि आपला पहारा



सामान्य काळातील तेविसाव्या रविवारी, 'अ' वर्षात, पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातून येते. परमेश्वर त्याला इस्राएलच्या घराण्याचा पहारेकरी नेमतो. वाईट मार्गाने जाणाऱ्याला पहारेकऱ्याने सावध केले नाही, तर तो माणूस आपल्या पापाने मरेलच, पण त्याचा जाब पहारेकऱ्यालाही द्यावा लागेल, असे त्याला बजावले जाते. दर तीन वर्षांनी हे वाचन आपल्यासमोर येते. आपण बसून ऐकतो, आणि पहारेकरी म्हणजे कोणीतरी दुसराच, फादर असतील, शाळेचे मुख्याध्यापक असतील, असे मनाशी ठरवून घरी जातो.

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी काहीजण संध्याकाळच्या रोजरीसाठी एका घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत माळ चालू होती. आतल्या खोलीत त्या घरचा नववीतला मुलगा मोबाइलवर खेळत होता. त्याच्या हेडफोनची वायर निसटली आणि आतला सगळा आवाज बाहेर आला. चार-पाच मुलांचे आवाज होते. एका मुलीला उद्देशून जे शब्द येत होते ते या पत्रकात छापता येणार नाहीत. त्यात आमच्या ओळखीचा आवाजही होता, रविवारी वेदीजवळ मेणबत्ती धरून उभा राहणाऱ्या मुलाचा. माळ थांबली. आजींनी डोळे मिटून घेतले. कोणीतरी आतले दार लावून घेतले आणि पुढचे रहस्य सुरू झाले.

दार लावून घेतले, हेच आम्हाला नंतर टोचत राहिले. कारण ही गोष्ट आम्हाला पहिल्यांदा कळत नव्हती. तीन महिने आधी आपल्याच धर्मग्रामातील एक मुलगी, अकरावीत शिकणारी, धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर थांबली होती. आपण स्क्वाडमध्ये खेळतो, माइक सुरू केला आणि मुलीचा आवाज ऐकू आला की ही मुले घाण बोलतात, फोटो मागतात, म्हणून आता आपण मुलाचे नाव लावून माइक बंद ठेवून खेळतो, असे ती सांगत होती. त्या मुलांपैकी दोघे आपल्या चर्चमधले आहेत, हेही तिने सांगितले. आम्ही तिला काय उत्तर दिले? "मग तू खेळतेसच कशाला?" एवढेच. ती काही न बोलता निघून गेली. पहारेकरी जागा होता, पण ज्याने धोका दाखवला त्याच्याच अंगावर ओरडला.

काही पालक म्हणतील, हे खेळच बंद करावेत. तसा प्रयत्न होऊन गेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला होता. मुले फ्री फायरकडे वळली. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायरवरही बंदी आली, मुलांनी त्याचीच दुसरी आवृत्ती घेतली. पबजीच्या जागी जुलै २०२१मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२मध्ये तो काढला गेला आणि मे २०२३मध्ये परत आला. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, पण त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. खेळ बदलले, तोंडातले शब्द तेच राहिले. आणि खरे सांगायचे तर मे महिन्यात सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात मुलांना मैदानावर पाठवायला आपणही तयार नसतो. मित्रांबरोबर चार घटका खेळावे, एकमेकांना हाक मारावी, जिंकावे, यात पाप काही नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संत घोषित केले तो कार्लो आकुतिस हा मुलगा व्हिडिओ गेम खेळायचा. आठवड्यातून एक तास, ही मर्यादा त्याने स्वतःवर घातली होती.

मग ही घाण टाकतो कोण? काही थोडी बिघडलेली मुले, असे आपल्याला वाटते, आणि आपला मुलगा त्यांत नसतो. 'लीग ऑफ लेजंड्स' हा जगभर खेळला जाणारा खेळ चालवणाऱ्या रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने आपल्या खेळाडूंच्या वागण्याचा अभ्यास केला होता. सतत वाईट वागणारे खेळाडू शंभरात सुमारे एक निघाले आणि एकूण वाईट वागण्यापैकी त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचे बहुतेक सगळे एरवी नीट वागणाऱ्यांकडून, एखाद्या वाईट दिवशी आलेले होते. हा आकडा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे चार गुंडांना हाकलून हा प्रश्न सुटत नाही. हरलो, घरी बोलणी खाल्ली, पेपर वाईट गेला, आणि समोर चेहरा नसलेली एक मुलगी आहे. मग मेणबत्ती धरणाऱ्या मुलाच्या तोंडूनही ते शब्द येतात. याकोब आपल्या पत्रात जिभेला ठिणगीची उपमा देतो, रान पेटवणाऱ्या ठिणगीची. त्याने ते पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिले होते, हे आपण सहज विसरतो.

त्याच कंपनीने आणखी दोन गोष्टी करून पाहिल्या. विरुद्ध संघाशी बोलण्याची सोय आपोआप सुरू न ठेवता, हवी त्याने सुरू करावी अशी ठेवली. वाईट बोलणे सुमारे एक तृतीयांशाने घटले, बोलणाऱ्यांची संख्या मात्र फारशी कमी झाली नाही. दुसरे असे की ज्याच्यावर बंदी घातली त्याला त्याचेच शब्द दाखवून कारण सांगितले, तर सुधारणाऱ्यांचे प्रमाण वाढले. नुसते हाकलून दिलेला माणूस चडफडत परत येतो. आपलेच वाक्य समोर लिहिलेले पाहिले की तो थोडा थांबतो.

हे वाचताना आम्हाला मत्तयचा अठरावा अध्याय आठवला. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठून त्याची चूक दाखवावी. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. तिचेही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार समजावे. शेवटची पायरी कठोर वाटते, पण ज्याच्या नावाचे हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतःच जकातदार होता, आणि प्रभू येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता. दार लागते, पण त्याला कायमचे कुलूप पडत नाही.

आम्ही त्याप्रमाणे केले, उशिरा का होईना. आधी त्या मुलीकडे गेलो आणि क्षमा मागितली. मग आमच्यापैकी एकजण त्या मुलाला एकटा भेटला. "सगळेच देतात, तो गेमचाच भाग आहे," हे त्याचे पहिले उत्तर होते. दुसऱ्या भेटीत त्याचा मामा बरोबर होता, आणि मुलीच्या परवानगीने तिने ठेवलेल्या संदेशांचे फोटोही. मामाला ते मोठ्याने वाचता येईनात. मुलगा रडला. चर्चमध्ये त्याचे नाव घ्यायचे की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी नाव घ्यायचे नाही, प्रश्न मात्र सर्वांपुढे मांडायचा, असे ठरले. म्हणून हे लिहीत आहोत. त्याने तिची माफी मागितली आहे. तिने अजून काही उत्तर दिलेले नाही, आणि ख्रिस्ती क्षमेचे नाव घेऊन कोणी तिच्यावर दडपण आणू नये अशी आमची सर्वांना विनंती आहे. दुसरा मुलगा चर्चला येईनासा झाला आहे. त्याच्या घरी आम्ही जात आहोत.

एक गोष्ट स्पष्ट असावी. एकांतात जाऊन बोलण्याची पहिली पायरी छळ सोसणाऱ्या मुलीवर टाकायची नाही. आणि धमकी आली, कोणी फोटो मागितला, खोटा फोटो किंवा व्हिडिओ पसरवला, तर चर्चमधल्या समजुतीवर विसंबून न राहता पोलिसांकडेच जावे. लाखो मुले जिला 'पायल गेमिंग' म्हणून ओळखतात त्या पायल धारे हिच्या नावाने डिसेंबर २०२५मध्ये एक अश्लील व्हिडिओ पसरवला गेला. तिने तक्रार केली आणि महाराष्ट्र सायबरने तो बनावट असल्याचे जाहीर केले. एवढी नावाजलेली खेळाडू, तिलाही ते सिद्ध करावे लागले. आपल्या अकरावीतल्या मुलीचे काय? म्हणून आधी पडद्याचा फोटो घेऊन ठेवा, मग खेळातच 'रिपोर्ट' करा, मग 'ब्लॉक'. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आहे, मुलांच्या मदतीसाठी १०९८. महिला आणि मुलांविषयीची तक्रार सरकारी सायबर पोर्टलवर नाव न सांगताही करता येते.

यंत्रावर सर्व सोडता येत नाही. आपले सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांचे गाव, आणि आपल्या मुलांना या चारही भाषांत शिव्या येतात. (अभ्यासात ही हुशारी का दिसत नाही, देव जाणे.) इंग्रजी अक्षरांत, मध्ये टिंबे टाकून लिहिलेली तेलुगू शिवी परदेशातल्या संगणकाला कळेलच असे नाही. ती शेजारच्या खोलीतल्या आईला कळते.

पहारा म्हणजे तोंड दाबणेही नव्हे. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईच्या बंदविषयीच्या एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. ज्या ६६-अ कलमाचा त्या वेळी गाजावाजा झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मुलाने घरातल्या मोठ्यांशी मतभेद दाखवला, फादरांचा उपदेश लांबला म्हणून सांगितले, तर ती शिवी नव्हे. याचीही आपल्याला सवय करावी लागेल.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या सभागृहात पालकांनी आपापले मोबाइल घेऊन थांबावे. आवाज बंद कसा करायचा, 'रिपोर्ट' कुठे असतो, पडद्याचा फोटो कसा घ्यायचा, हे दहावी-बारावीची मुले आपल्याला शिकवणार आहेत. ज्यांना मोबाइलमधले काही कळत नाही त्यांनी तर जरूर यावे. त्या मुलीलाही आम्ही शिकवायला बोलावले आहे. येईल की नाही ते तिने अजून सांगितलेले नाही.