निरोगी मनुष्यानें औषध घ्यावें काय?

जो आजारी आहे त्यानें औषध घ्यावें, याविषयीं वाद नाहीं. परंतु ज्याचें कांहीं दुखत नाहीं, जो सकाळीं शेतावर जातो व रात्रीं स्वस्थ निजतो, त्यास आरोग्य केंद्रांतील डॉक्टर म्हणतात, "तुमचा रक्तदाब वाढला आहे; ही गोळी रोज घ्या, बहुधा जन्मभर घ्यावी लागेल." अशा वेळीं त्या मनुष्याचें कर्तव्य काय? आणि त्या डॉक्टराचें काय? दुसरा प्रश्न लोक फारसा विचारीत नाहींत, म्हणून त्याचाच विचार आम्ही येथें अधिक करणार आहों.

इराण देशाच्या गोलेस्तान प्रांतांतील खेड्यांत एक मोठा प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. पन्नास ते पंचाहत्तर वर्षें वयाचीं ६,८३८ माणसें त्यांत होतीं, व बहुतेकांस पूर्वीं हृदयविकार झालेला नव्हता. कांहीं खेड्यांतील लोकांस आहार, व्यायाम इत्यादिकांविषयीं उपदेश मात्र मिळाला. इतर खेड्यांत उपदेशाबरोबर रोज एक गोळी मिळाली. तींत रक्तदाबाचीं दोन औषधें, रक्तांतील चरबी कमी करणारें एक, व ॲस्पिरिन अशीं एकत्र केलेलीं होतीं. पांच वर्षांत, केवळ उपदेशावर राहिलेल्यांपैकीं शेंकडा ८.८ जणांस हृदयविकार, पक्षाघात किंवा तत्सम गंभीर दुखणें झालें; गोळी मिळालेल्यांत हें प्रमाण शेंकडा ५.९ होतें.

कोणी म्हणेल, एक तृतीयांश दुखणीं टळलीं! खरें आहे. पण दुसऱ्या रीतीनें मोजा. शंभर जणांस गोळी दिली, तेव्हां सुमारें तिघे वांचले. सहा जणांस दुखणें आलेंच, आणि एक्याण्णव जणांस तें गोळीशिवायहि आलें नसतें. ते तिघे कोण, हें ना डॉक्टरास ठाऊक, ना त्या तिघांस. लंडनचे वैद्य जेफ्री रोज यांनीं १९८१ सालींच दाखवून दिलें होतें कीं, जो उपाय समाजाचें पुष्कळ हित करितो, त्यापासून एकेकट्यास मिळणारा लाभ लहानच असतो.

तर मग डॉक्टरानें काय सांगावें? "गोळी न घ्याल तर मराल" असें म्हटलें तर लोक मुकाट्यानें घेतील, व कांहींचे प्राणहि वांचतील. पुष्कळ सज्जन याच मताचे आहेत. अडाण्यास आंकडे काय कळणार, असें ते म्हणतात. आम्हांस हें मान्य नाहीं. भीति दाखवून मिळविलेला होकार हा होकारच नव्हे, आणि तो टिकतहि नाहीं. शेजारी गोळी सोडतो, वर्षभर त्यास कांहीं होत नाहीं, आणि सारा गांव म्हणतो कीं डॉक्टर खोटें बोलला. मग ज्याचा रक्तदाब फारच वाढलेला आहे तोहि ती सोडतो. शिवाय ज्या बाईनें चाळीस पावसाळे मृगाचा भरंवसा धरून बियाणें मातींत टाकिलें, तिला "होईलच असें नाहीं, पण संभव इतका आहे" ही भाषा कोणीं शिकवावयास नको.

रोग्यानें मात्र "मला काय होतें?" एवढेंच पाहूं नये. तो अंथरुणास खिळला तर भार घरच्यांवर पडतो. तेव्हां निर्णय करितांना त्यांसहि विचारावें.

वरील गोळींतील ॲस्पिरिनचेंच पाहा. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणांत ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्ध होते. त्यांत ॲस्पिरिननें हृदयविकार विशेष टळला नाहीं, रक्तस्राव मात्र वाढला. २०२२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें, साठीनंतर निरोग्यांस ती नव्यानें सुरू करूं नये, असा सल्ला दिला. (ज्यांस झटका येऊन गेला आहे त्यांची गोष्ट निराळी, त्यांनीं डॉक्टरास विचारल्यावांचून ती सोडूं नये.) ज्या डॉक्टरानें पूर्वीं "हिनें धोका कांहींसा कमी होईल असें आज वाटतें" इतकेंच म्हटलें होतें, तो आतां "ही बंद करूं" असें म्हणूं शकतो, आणि रोगी त्याचें ऐकतो.