कोण म्हणून सांगू?

आमच्या पिढीला निवड करायची सवय नाही. टेलिफोन म्हणजे काळा. मोटार म्हणजे ॲम्बॅसिडर नाहीतर फियाट. मुलाच्या बारशाला नंबर लावलेली स्कूटर त्याच्या मुंजीपर्यंत दारात आली तर लोक वशिला होता म्हणायचे. त्यामुळे 'काय घ्यावं?' हा प्रश्न आम्हांला कधी पडलाच नाही, 'मिळेल का?' एवढाच पडायचा. याचा एक फायदा झाला. आमची नीतिमत्ता शाबूत राहिली. पाऊल वाकडं पडायला आधी दोन वाटा तरी हव्यात ना!

आता मात्र सत्तरीत वाटाच वाटा झाल्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने थांबवली. विंडोज ११ ला यंत्रात टीपीएम नावाची सुरक्षेची चिप नव्या धाटणीची लागते, आणि आमचं यंत्र माझ्यासारखंच त्याआधीच्या जमान्यातलं. भाचा म्हणाला, "मामा, लिनक्स टाकू या. फुकट आहे, आणि मुख्य म्हणजे स्वतंत्र आहे." यातल्या पहिल्या कारणाने मी विरघळलो, दुसऱ्याने ही हसली. संध्याकाळपर्यंत आमच्या यंत्रावर लिनक्स मिंट नांदायला लागलं. मिंट म्हणजे पुदिना. घरात काही दिवस चटणीवरून विनोद झाले ते सोडून देतो.

खरा प्रसंग पुढे होता. भाच्याने विचारलं, "ब्राउझर कुठला देऊ?"

ब्राउझर म्हणजे इंटरनेट बघायची खिडकी. मराठीत कुणीतरी त्याला 'न्याहाळक' म्हटलंय. मूळ इंग्रजी क्रियापदाचा एक अर्थ मात्र शेळीने इथला शेंडा, तिथला पाला असं खुडत हिंडणं असा आहे, आणि आम्ही इंटरनेटवर जे काही करतो त्याला तो अर्थ अधिक शोभतो. तर शेळीला विचारण्यात आलं होतं, की बाई, तुला तोंड कुठलं हवं?

मी म्हटलं, नावं सांग. क्रोम, क्रोमियम, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज, फायरफॉक्स. भाचा हॉटेलातल्या पोऱ्यासारखा एका दमात म्हणून गेला. सात नावं! माझ्यासारख्या फियाट-ॲम्बॅसिडरवाल्याला घेरी यायचीच बाकी. पण जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पहिल्या सहांच्या पोटात इंजिन एकच. ब्लिंक. गूगलच्या घरचं. पंजाबी हॉटेलात मेनूकार्डावर चाळीस भाज्या असतात आणि आत मुदपाकखान्यात लाल रश्श्याचं पातेलं एकच असतं, तशातला प्रकार. आड एक आणि पोहरे सहा.

गंमत अशी, की हा आड मुळात गूगलने खोदलेलाच नाही. लिनक्सच्याच जगातल्या केडीई या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी कॉन्करर नावाच्या ब्राउझरसाठी तो खोदला. ॲपलने २००३ साली त्यावर सफारी उभी केली, गूगलने २००८ साली तेच पाणी घेऊन क्रोम काढला, आणि २०१३ मध्ये आपला वेगळा आड बांधला. म्हणजे सार्वजनिक विहिरीवरून पाणी नेऊन ज्याने टाकी बांधली, त्याच्याच नळावर आता गाव उभं आहे.

बरं, हा नावांचा पसारा पाहून फसणारा मी पहिला नाही. अख्खा युरोप फसला होता. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर चिकटवून देतात ही तक्रार वाढली, तेव्हा युरोपीय आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार मायक्रोसॉफ्टने २०१० साली लोकांपुढे बारा ब्राउझरांचं ताट मांडलं. घ्या कुठला हवा तो! त्या बारांतल्या काहींच्या पोटात पुन्हा एक्सप्लोररचंच इंजिन होतं. कुणावर अन्याय नको म्हणून नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा दर वेळी बदलायचा होता, तर चिठ्ठ्या टाकायचा हिशेबच चुकीचा लिहिलेला निघाला, आणि काही नावं ठरावीक जागी जास्त वेळा बसायला लागली. पुढे एका सुधारित आवृत्तीत ते ताट वाढायचंच राहिलं, आणि २०१३ मध्ये त्याबद्दल ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. निवड न विचारल्याबद्दल एवढा दंड! आमच्या लग्नाच्या वेळी हा कायदा असता तर दोन्हीकडचे वडील भिकेला लागले असते.

तेव्हा उरला फायरफॉक्स. त्याचं इंजिन गेको, स्वतःचं. घराणं जुनं, थेट १९९४ च्या नेटस्केपपर्यंत जाणारं. मी बाणेदारपणे म्हणालो, "फायरफॉक्स दे." भाचा म्हणाला, "तो आहेच. मिंटमध्ये तो आधीपासूनच बसवलेला असतो." म्हणजे स्वातंत्र्यवाल्यांच्या घरीसुद्धा पाटावर कुणीतरी आधीच बसवलेलं होतं! त्यात या फायरफॉक्सच्या मोझिला मंडळींची बरीचशी चूल गूगलकडून शोधयंत्रासाठी मिळणाऱ्या पैशांवर चालते. गूगलने २०२१ या एका वर्षात आपलं शोधयंत्र जागोजागी आधीच बसवलेलं असावं म्हणून २,६३० कोटी डॉलर वाटले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायाधीशांनी एकट्यालाच बांधून ठेवणारे करार बंद केले, पण पैसे देणं चालू ठेवू दिलं; ते बंद केले तर घेणाऱ्यांचीच उपासमार होईल, हाही विचार त्यात होता. विरोधी पक्षाचा चहा सत्ताधाऱ्यांच्या खात्यावर, असं आमच्या नगरपालिकेत मी पाहिलंय. पण तिथे बिल इतकं होत नसे.

असो. फायरफॉक्स तर फायरफॉक्स. आठ दिवस सुखाचे गेले. मग विजेचं बिल आलं.

आमच्या बँकेच्या संकेतस्थळावर गेलो तर दारातच पाटी: आपला ब्राउझर चालणार नाही, कृपया क्रोम वापरा. बँकेचं नाव सांगत नाही, माझे पैसे तिथे आहेत. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे मामा. एक बटण देतो. ते दाबलं की फायरफॉक्स सांगेल, मी क्रोम आहे. बँक आत घेते. सगळं नीट चालतं."

"अरे, पण ते खोटं झालं ना?"

"कुणाशी खोटं? मशीनशी!"

मी फोन ठेवला आणि विचारात पडलो. ही म्हणाली, "अहो, बिलाची शेवटची तारीख परवा आहे." तत्त्वचिंतनाला आमच्या घरात साधारण एवढीच मुदत मिळते.

चौकशी करता असं निघालं, की खोट्या नावाने दारात उभं राहणं हा या धंद्याचा कुळाचारच आहे. दर ब्राउझर संकेतस्थळाला हाक मारताना स्वतःची ओळख सांगतो. कचेरीतला शिपाई "कोण म्हणून सांगू?" विचारतो, त्याचं उत्तर म्हणा. नेटस्केपचं घरगुती नाव मोझिला. त्याचं दिसणं चांगलं, म्हणून संकेतस्थळं मोझिला म्हणणाऱ्यालाच पंचपक्वान्नं वाढू लागली. तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररनेही 'मी मोझिला (जमवून घेणारा)' असं सांगायला सुरुवात केली. मग कॉन्करर आला. तो म्हणाला, 'मी मोझिला, केएचटीएमएल, गेकोसारखा'. त्यामागून सफारी. त्यामागून क्रोम. आज क्रोम दारात उभा राहून ही सगळी नावं घेतो आणि शेवटी सफारीचंही घेतो. 'गेकोसारखा' हा शब्द तर मला फारच आवडला. हे तर चक्क 'नरो वा कुंजरो वा' झालं! धर्मराजाने जन्मात एकदा ते पुटपुटलं तर त्याचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. इथे दर पानाला पुटपुटतात आणि रथ सुसाट!

आणि ज्याला पुटपुटायचं नव्हतं त्याचं काय झालं? विवाल्डीच्या लोकांनी बरीच वर्षं आपलं नाव लावून पाहिलं. पोटात इंजिन क्रोमचंच, तरी केवळ नाव वेगळं म्हणून संकेतस्थळं अडवायची. डिसेंबर २०१९ मध्ये कंटाळून त्यांनी नाव सांगायचं सोडलं आणि 'मी क्रोम' म्हणायला लागले. अडवणं थांबलं.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली या विषयावर एक निबंध लिहिलाय. म्हणजे ब्राउझरवर नव्हे, खोटं बोलण्यावर. कॉन्स्टन्ट नावाच्या फ्रेंच लेखकाचं म्हणणं होतं, की ज्याला खरं ऐकण्याचा हक्क आहे त्यालाच खरं सांगणं बंधनकारक. कांट म्हणाला, मुळीच नाही. दारात खुनी आला आणि घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारू लागला तरी खोटं बोलू नये. कारण तुमच्या खोट्याने त्या माणसाचं नुकसान होवो न होवो, माणसाच्या शब्दावरचा सर्वांचाच भरवसा उणावतो. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी कांटला वेडा ठरवला होता. असल्या माणसाच्या घरी लपायला कोण जाईल? खुनी आणि मित्र यांच्याबाबतीत माझं मत आजही तेच आहे.

पण विजेच्या बिलाबाबतीत म्हातारा बरोबर निघाला! कारण बघा, मी बटण दाबून आत गेलो, की बँकेच्या वहीत नोंद कुणाची होते? क्रोमची. माझ्यासारखे हजार फायरफॉक्सवाले तेच बटण दाबतात, हजार क्रोम नोंदले जातात. वर्षाअखेरीला साहेब वही उघडून म्हणतात, "बघा, फायरफॉक्स कुणी वापरतच नाही. त्याच्यासाठी खर्च कशाला?" दारावरची पाटी आणखी मोठ्या अक्षरांत होते. म्हणजे या खोट्याने ना बँकेचं काही बिघडलं, ना माझं. बिघडलं ते माझ्यामागून खऱ्या नावाने दार ठोठावणाऱ्या माणसाचं. आणि ज्याच्यासाठी एवढा बाणेदारपणा केला त्या फायरफॉक्सची तिरडी मीच बांधली. संपूर्ण गावात एकच आड उरला तर पाण्याचा भाव आडाचा मालक ठरवणार, हे कळायला कांट लागत नाही.

भाच्याला हे ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, तू एकटा. तुझ्या एका नोंदीने काय होणार?" हा प्रश्न मला मतदानाच्या दिवशी झोपून राहणारे सगळेजण विचारतात. एका मताने काय होतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मत दुसऱ्याच्या नावावर टाकल्याने काय होतं, ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी एक पद्धत पाडली आहे. आधी फायरफॉक्सने, खऱ्या नावाने, बँकेच्या दारात जायचं. हाकलू द्यायचं. वहीत एक फायरफॉक्स लागतो. मग दुसऱ्या दाराने, राजरोस क्रोमियम उघडून, बिल भरायचं. हिच्या मते हा बिल भरायला लागणारा वेळ दुप्पट करण्याचा प्रकार आहे, आणि ती ते मोबाइलवर अर्ध्या मिनिटात करू शकते. करू शकते, हे खरं आहे.

शिवाय शाखेत एक अर्ज दिला. हाताने लिहून, पोच घेऊन. 'आपल्या संकेतस्थळावर फायरफॉक्सला प्रवेश नाकारला जातो, तरी तो मिळावा, ही विनंती.' तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्र सभ्य होतं, सहीशिक्क्यासह. 'फायरफॉक्स या नावाचे खाते आमच्या शाखेत आढळून आले नाही. सबब खातेदाराने ओळखपत्राच्या साक्षांकित प्रतीसह समक्ष भेटावे.'