ब्रह्मगिरीची फेरी, एकट्याने

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी आपल्यापैकी पुष्कळांनी केली असेल. कुशावर्तात स्नान करावे आणि प्रयागतीर्थ, पहिने करीत, डोंगर उजवा घालून परतावे. सुमारे 20 किलोमीटर. त्या दिवशी गर्दीच माणसाला ओढून नेते. मी म्हणतो, एकदा आडदिवशी, उजाडता उजाडता, एकट्याने निघा!

का? परंपरा सांगते, निवृत्तिनाथ चुकले ते याच फेरीत. आईबाप, भावंडे बरोबर होती. वाघ आला, सारी पांगली, आणि एकटे पोर गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथ भेटले.

एकटा चालणारा पहिला तासभर खुशीत असतो. भातखाचरे, बांधावरून झुळझुळणारे पाणी, सगळे गोड. ऊन चढले, टाच दुखू लागली, की मनातला कालवा सुरू होतो : बांधाचा तंटा, भावाने टाकून बोललेला शब्द. दिंडीत टाळ वाजतो म्हणून तो ऐकू येत नाही, आणि आपल्याला वाटते, नाम मुखी बसले. बसले होते की टाळकऱ्यांच्या जिवावर चालले होते, ते इथे कळते. अशा वेळी मनाशी भांडू नये. पावलागणिक नाम घ्यावे. सुटले, पुन्हा घ्यावे. तहान लागली तर वाटेवरच्या घरी पाणी मागावे. मागायची लाज वाटते ना? तीही नीट पाहून घ्यावी.

पण एकांताचा तोरा नको हो! निवृत्तिनाथ गुहेत बसून राहिले नाहीत. मिळाले ते घेऊन घरी आले आणि धाकट्या ज्ञानदेवांना दिले. त्यांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे. फेरी पुरी झाली की तिथे माथा टेकावा, आणि ज्या भावाशी बोलणे तुटले, त्याच्या गावची गाडी धरावी.