आयडलवर ऐकू येतं ते

बाबांची राजदूत ३५० मी वर्षातून दोनदा ट्यून करतो. कराडच्या अंगणात, पोत्यावर बसून. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सनं ऐंशीच्या दशकात बनवलेली ही गाडी. दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, मूठ मात्र एकच. मूठ पिळली की दोन्हीकडच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत.

माझ्याकडे गेज नाही. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढायचा, आयडलचे स्क्रू मागे घ्यायचे. एकाच जाडीचे दोन ड्रिल बिट घेऊन त्यांचे गुळगुळीत दांडे दोन स्लाइडखाली अडकवायचे आणि मूठ केसभर फिरवायची. ज्या बाजूचा बिट आधी सैल पडेल, ती स्लाइड पुढे पळतेय. तिच्या केबलचा ॲडजस्टर किंचित आत, आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही बिट एकदम सुटेपर्यंत. शेवटी ऑइल पंपाची खूण जुळवायची. ते विसरलास तर पिस्टन जाम, असं बाबा दर वेळी सांगतात.

ही तफावत हायवेवर कळत नाही. स्लाइड पूर्ण वर असताना अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय? पण आयडलला ती जेमतेम उघडी असते. तिथे तेवढ्याच फरकानं एक सिलिंडर राबतो आणि दुसरा त्याच्या जिवावर फिरतो. क्रँकशाफ्ट सामाईक, त्यामुळे बघणाऱ्याला दोघंही फिरताना दिसतात.

बाबांना पार्किन्सन्स झाल्यापासून ताई त्यांच्याजवळ असते. मी पुण्यात कोड लिहितो, पैसे पाठवतो. त्यांना ॲडमिट केलं तेव्हा रात्रीत पोचलो होतो, चार रात्री जागलो होतो. दोघं भावंडं बरोबरीनं करतात, असं नातेवाईक म्हणतात. मीही ते खरं मानत होतो.

मार्चमध्ये ताई आठ दिवस मैत्रिणीकडे गेली. मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. काहीच घडलं नाही त्या आठवड्यात. ठरल्या वेळेला गोळी, शर्टाची बटणं, सांडलेला चहा, रात्री तीनला कूस बदलून देणं. मंगळवारी कॉल म्यूट करून मी त्यांना बाथरूममध्ये नेलं, तेव्हा ते म्हणाले, "तुझं काम चालू दे, ताई येईल." ती गावात नाही, हे ते विसरले होते.

कमावणं हेही करणंच आहे, हा माझा युक्तिवाद खोटा नाही. औषधं त्याच पैशांतून येतात. पण मी मोजत होतो ते फक्त फुल थ्रॉटलचं. पैसा आणि धावपळ मोजता येते, तारखेसकट सांगता येते. ताईच्या मंगळवारांना तारीखच नाही. आणि तिच्याइतकाच मीही थकलो की न्याय झाला, असंही नाही. दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी नीट जुळलेले आणि दोन्ही चुकलेले, असंही होतंच की.

ती परतल्यावर मी म्हणालो, "ताई, महिन्यातले दहा दिवस मी इथून काम करीन."

तिनं बॅग खाली ठेवली. म्हणाली, "शनिवार-रविवार धरून, की सोडून?"

मी अजून मॅनेजरशी बोललेलो नाही.